टिटवीच्या अंड्यांना कुंकू

गोरेगावाहून साखऱ्याकडं निघालं की डाव्या अंगाला मिराबाईचा आखाडा, मंजी वावरातलं घर, लागतो. पत्र्याचं घर, विहीर, हौद, एक गाय अन् वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, कंबरेएवढं माजलेलं गवत. उन्हाळा लागला की आमच्याकडं सगळे आपापले धुरे पेटवतात. सरडे, तित्तराची पिल्लं, जे काय असंल ते जित्तंच भाजून निघतं. मंग काळ्या राखेकडं बघून म्हणतात, "साफ झालं!" मिराबाईचा धुरा कधी पेटला न्हाई, म्हणून तिच्या आखाड्याला लोक गबाळा म्हणतात.

साठी उलटलेली बाई. पिकावर फवारा मारत न्हाई. शेण, गोमूत, गूळ, बेसन ड्रमात आंबवती अन् तेच वावराला घालती. धुण्याचं पाणी आळवाला. दारापुढून धामण सरसरत गेली तर म्हणती, "जा बाई, उंदरं कडब्यात हायेत." सांजच्याला लिंबाखाली बाज टाकून बसायचं अन् कोण उडालं, कोण बिळात शिरलं ते बघायचं, हीच तिची करमणूक. नवरा देविदास माणूस वाईट न्हाई, पण त्याच्या पोटात कढी राहील, गोष्ट राहणार न्हाई.

गेल्या चैत्रात टिटवीनं तिच्या वावरात, उघड्या ढेकळांमधी चार अंडी घातली. मातीच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची. दुपारच्या उन्हात टिटवी हौदावर यायची, पोट भिजवायची अन् ओल्या पोटानं अंड्यांवर जाऊन बसायची. ते बघितल्यापासून मिराबाईनं हौद काठोकाठ भरून ठेवायला सुरुवात केली. पिल्लू अंड्यातून निघालं की लगेच चालाया लागतं, असं तिनं ऐकलेलं. तिला ते एकदा डोळ्यानं बघायचं होतं. बास, एवढंच.

अन् देविदास गोरेगावच्या बाजारात चहा प्यायला बसला.

आमच्या लोकांची टिटवीवर लई श्रद्धा. जितक्या अंड्यांची टोकं खाली, तितके म्हैने पाऊस. दुसऱ्या दिवशी दोन म्हातारे आले, लांबूनच हात जोडून गेले. तिथवर ठीक होतं. मंग फटफट्या आल्या, जीप आली. कुणी अंड्यांना हळदीकुंकू वाहिलं, कुणी उदबत्त्या खोचल्या, कुणी नारळ फोडला अन् त्याचं पाणी थेट अंड्यांवर. देवाचं दर्शन झालं की तिथंच गुटख्याची पिचकारी. एक बहाद्दर तर कपाळाला कुंकू लावून धुऱ्यावरच मुतायला उभा राहिला. टिटवी वर बोंबलत फिरून राहिली, अन् खाली म्हणतात, "बघा, आशीर्वाद देऊन राहिली!"

शेवटी बी-बियाण्यांच्या दुकानाचे व्यंकटराव आले. पांढरे कपडे, संगं मोबाइल धरायला माणूस. वाकून बघितलं अन् त्यांचं तोंड उतरलं.

"तीनच टोकं खाली हायेत. चौथं आडवं पडलंय."

"मंजी तीनच म्हैने पाऊस?" मागून कुणीतरी म्हणालं. "मंग सोयाबीनचं काय खरं न्हाई."

व्यंकटरावांनी ते चौथं अंडं उचललं, टोक खाली केलं अन् मातीत दाबून बसवलं. "आता बराबर. चार म्हैने! घे, व्हिडिओ घे."

मिराबाई कमरेला हात लावून उभी होती. "व्यंकटराव, पाऊस तुमीच पाडून राहिले तर टिटवीला काहून तकलीफ देता?"

"लोकांच्या भल्यासाठीच करून राहिलो, वहिनी."

सगळे हसले. देविदासही हसला.

ज्याचं भाकीत खरं मानायचं, त्यालाच हातानं फिरवायचं अन् पुन्हा त्याच्याच पाया पडायचं. अशा भक्तीपरीस उकिरडा बरा, त्यातून खत तरी निघतं.

टिटवी पुन्हा अंड्यांवर बसलीच न्हाई. ती कुंकू माखलेली अंडी उन्हात तापून फुटली, मुंग्या लागल्या, घाण सुटली. अन् तिकडं चार म्हैन्यांच्या पावसाचा व्हिडिओ घरोघरी फिरत होता.

मिराबाईनं एकटीनं त्या अंड्यांवर माती लोटली. देविदासापुढं भाकर आपटली.

काही दिवसांनी टिटवी पुन्हा हौदावर पोट भिजवताना दिसली. मिराबाई गुमान मागावर गेली. पार खालच्या कोपऱ्यात नवी चार अंडी होती. या खेपेला तिनं नवऱ्यालाही सांगितलं न्हाई. आंबवणाचा ड्रम तिनं ढकलत ढकलत वावराच्या तोंडाशी, वाटेवरच आणून ठेवला अन् मुद्दाम सडू दिला. पार अळ्या पडेस्तोवर. फटफटीचा आवाज आला की ती काठी घेऊन ड्रम ढवळायची.

"काय मेलंय हो काकू?" येणारा रुमालानं नाक दाबून विचारायचा.

"कुत्रं. पुराया हात लावता का?"

फटफटी तिथूनच माघारी. व्यंकटरावही नव्या व्हिडिओच्या आशेनं आले होते. मिराबाईनं काठी अशी जोरात फिरवली की पांढऱ्या पॅन्टवर नक्षी उठली. "कुत्र्याचे पाय धरायला आले व्हय? या की, जवळ या," ती म्हणाली. ते थांबले न्हाईत.

घरातही तीच गत. देविदास ताटावरून उठला. "अगं, काय मेलंय तरी काय हितं? घास उतरंना."

"तुमची जीभ," मिराबाई म्हणाली.

मृगाच्या तोंडावर एका सकाळी टिटवी कोपऱ्यातून निघाली अन् तिच्या मागं काड्यांवर कापूस ठेवल्यासारखी तीन पिल्लं टुकूटुकू चालत निघाली. चौथं अंडं तसंच राहिलं. मिराबाई त्या घाणीतच, ड्रमाला टेकून बघत उभी होती. मागं देविदास येऊन थांबलेला. त्यानं पिल्लं बघितली, गोरेगावच्या रस्त्याकडं बघितलं अन् तोंड उघडलं.

मिराबाईनं पिल्लांवरची नजर न काढता ड्रमातली काठी उचलली.

देविदासानं तोंड मिटलं.