एक जूनच्या मुली

नऊ जानेवारी, गुरुवार. दुपारी उवा काढायचं काम होतं.

आमच्या बालगृहात हे काम गुरुवारी असतं आणि ते माझ्याकडे आहे. व्हरांड्यात ऊन येतं त्या कोपऱ्यात मी स्टूल टाकून बसते, मांडीवर जुना पांढरा पंचा, हातात बारीक दातांची फणी. समोर पाटावर एकेक मुलगी येऊन बसते. वीसेक मुली आहेत. कोणाला कोणीच नाही, कोणाची आई आहे पण सांभाळू शकत नाही. मी आधी भांडुपला एका औषध कंपनीत स्टोअर बघायचे. कंपनी बंद झाली. घरी बसून कांजूरमार्गच्या खिडकीतून येणारा कचऱ्याचा वास घेत बसण्यापेक्षा बरं, म्हणून आठवड्यातून तीन दिवस मुलुंडला इथे येते. उवा काढते, बटणं लावते, अंथरुणं उन्हात टाकते. मुलींना गोष्टी सांगणं, जवळ घेणं हे माझ्याच्याने होत नाही आणि त्यांनीही कधी मागितलेलं नाही.

तिसरी मुलगी पाटावर होती तेव्हा बालगृहाच्या अधीक्षक बाई फोन घेऊन आल्या. आम्ही एकाच वयाच्या, त्यामुळे अगं-तुगं चालतं.

"हे वाच."

परदेशी पाहुणीचा निरोप होता. या वर्षी येणं जमत नाही, आईची तब्येत बरी नाही. उद्या वाढदिवसाच्या मुलीला माझ्याकडून मोठ्ठी मिठी द्या. पुढे तीन लाल बदाम.

"मिठी कोणी मारायची?" मी विचारलं.

"तू मार."

"मी उवा काढते."

"मग उवा काढता काढता सांग तिला. तुझं ऐकते ती." एवढं बोलून बाई निघून गेली. नको असलेली कामं दुसऱ्याच्या मांडीवर ठेवून जाण्यात तिचा हात कोणी धरू शकणार नाही.

आता पाहुणीबद्दल. परदेशातून असे लोक आमच्याकडे येतात. दोन आठवडे, महिना, कधी दीड महिना. येतात चांगल्या मनाने, याबद्दल मला शंका नाही. पण प्रत्येक जण काहीतरी सुरू करून जातो. एक जण भिंतीवर समुद्र रंगवायला लागला. अर्धा मासा झाला आणि त्याचा व्हिसा संपला. तो अर्धा मासा आजही जेवणघरात आहे, शेपटीकडचा. एका जोडप्याने जुन्या टायरांत भाजीची बाग लावली. पावसाळ्यात टायरांत पाणी साठलं, डास झाले, तपासणीला आलेले लोक बाईवर ओरडून गेले. टायर मी आणि स्वयंपाकीणबाईंनी उचलून गेटाबाहेर ढकलले. जाताना प्रत्येक जण रडतो. मुली रडतात. मग दोन-तीन रात्री काही जणी अंथरूण ओलं करतात आणि त्या चादरी धुवायला विमानाने कोणी परत येत नाही.

ही पाहुणी त्यांच्यात बरी होती. हॉलंडची, पन्नाशीची, उंच, शाळेत शिकवणारी. जुलै-ऑगस्टमध्ये दीड महिना राहिली. उगाच मिठ्या मारत सुटली नाही, संडास धुवायची पाळी तिने स्वतःहून घेतली, आमटी तिखट लागली तरी ताट स्वच्छ करायची. मला ती आवडायला लागली होती, तेवढ्यात तिला वाढदिवसांचं कळलं.

आमच्या बहुतेक मुलींचा वाढदिवस एक जूनला असतो. ज्या मुलीची जन्मतारीख माहीत नाही, तिच्या नावापुढे शाळेत एक जून पडतो. शाळा जूनमध्ये सुरू होते, वय पूर्ण धरायला तारीख सोयीची. यात काही विशेष नाही. माझाही एक जूनच आहे. वडील गिरणीत होते, आम्हाला गावाहून भांडुपला आणलं तेव्हा मी पाच वर्षांची होते. शाळेत नाव घालताना मास्तरांनी तारीख विचारली. आई मालवणीत म्हणाली, "नारळी पुनवेच्या आदल्या आठवड्यात झाला चेडू. तारीख कित्याक होयी?" मास्तरांनी एक जून लिहून टाकलं. माझ्या पिढीतले निम्मे लोक असेच आहेत. आम्ही कधी त्याचं दुःख केलं नाही.

बालगृहात एक जून म्हणजे मोठा दिवस. सकाळी ओळीने सगळ्यांना ओवाळायचं. दुपारी पुरी, बटाट्याची भाजी, आमरस. संध्याकाळी एक मोठा केक आणि नवी दप्तरं. मीही त्याच ओळीत उभी राहते, सगळ्यात शेवटी, आणि मुली मला ढकलत पुढे नेतात. मला वाटायचं की यापेक्षा चांगला वाढदिवस कोणाचा होत नसेल.

पाहुणीला हे ऐकून धक्का बसला. प्रत्येक मुलीला तिचा स्वतःचा दिवस हवा, म्हणाली. तिच्या देशात घरोघरी वाढदिवसांचं एक कॅलेंडर असतं म्हणे. त्यावर वर्ष नसतं, वार नसतात, नुसत्या तारखा, म्हणजे ते कधी बदलावं लागत नाही. आणि ते लावतात कुठे, तर संडासात. रोज नजरेला पडावं म्हणून.

"संडासात?" बाई मला मराठीत म्हणाली. "आपण देवाजवळ लावलं तर चालेल का, विचार गं."

मी ते विचारलं नाही. माझ्या ऑफिसच्या इंग्रजीत मी तिला एवढंच सांगितलं की हे सुरू करू नका, पुढे निभावणार कोण? ती म्हणाली, यात करायचं काय असतं, गाणं म्हणायचं, त्या मुलीला राणी करायचं. मग बारा रंगीत पुठ्ठे आले, स्केचपेन आली, आणि एका रविवारी मुलींनी आपापली तारीख निवडली. एकीला दिवाळी हवी होती. ती दर वर्षी हलते हे पाहुणीला समजावताना माझी वाट लागली. शेवटी पाहुणी माझ्याकडे वळली. तुला कुठली तारीख हवी?

"मला आहे," मी म्हटलं. "एक जून."

कॅलेंडर न्हाणीघराबाहेरच्या भिंतीवर लागलं. ऑगस्टच्या शेवटी पाहुणी गेली. सप्टेंबरचे दोन वाढदिवस बाईने केले. ऑक्टोबरचा परीक्षेत विसरला, ती मुलगी दोन दिवस जेवली नाही. नोव्हेंबरमध्ये एकीने मला तोंडावर सांगितलं, "एक जूनचा खोटा वाढदिवस असतो, मावशी. आंटी म्हणाली." पाहुणी असं म्हणाली नसणार. पण मुलींना तेच समजलं होतं. इतक्या वर्षांचे पुरी-आमरस एका फटक्यात खोटे ठरले होते. मी त्या दिवशी बटणं लावली नाहीत, तशीच घरी गेले.

तर नऊ जानेवारी. निरोप जिला द्यायचा ती मुलगी सातव्या की आठव्या नंबरला पाटावर आली. शाळेत तिसरीत आहे. केस दाट, त्यामुळे उवाही दाट. तिने दहा जानेवारी निवडली होती. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"मावशी, ओढू नको ना."

"हलू नकोस, मग ओढणार नाही." मी फणी पंच्यावर झटकली. असल्या गोष्टी घोळवून सांगण्यात अर्थ नसतो. "उद्या आंटी येणार नाही. तिची आई आजारी आहे."

फणीखालचं डोकं स्थिर राहिलं.

"तिला आई आहे?"

"आहे."

"एवढ्या मोठीला?"

"असते काही जणींना."

तिने यावर विचार केला. मग म्हणाली, "म्हणजे उद्या माझा वाढदिवस नाही."

"तारीख काय तिच्या पिशवीतून आली होती?"

"हो," ती म्हणाली. "ती म्हणालेली जानेवारीत परत येते. म्हणून मी जानेवारी घेतला. नाहीतर मला मार्च पाहिजे होता."

मला त्या पाहुणीचा असा संताप आला की फणी खाली ठेवावी लागली. जानेवारीत येते. सहज म्हणाली असेल, बॅग भरताना. मुलगी रडायला लागेल असं वाटून मी पंच्याचं स्वच्छ टोक शोधून ठेवलं. पण ती वेगळ्याच हिशेबात होती.

"मग शाळेत बाईंना काय सांगू?"

"शाळेत काय सांगितलंयस?"

"उद्या रंगीत ड्रेस घालून येणार. सगळ्या वर्गाला सांगितलंय."

शाळांमधली ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. वाढदिवसाला गणवेश घालायचा नाही, रंगीत ड्रेस घालायचा. वर्ग टाळ्या वाजवून गाणं म्हणतो आणि ती मुलगी बाकाबाकावरून फिरत गोळ्या वाटते. एक मैत्रीण बरोबर न्यायची, डबा धरायला.

"डबा कोण धरणार तेपण ठरलंय," ती म्हणाली. "मी नाही घातला ड्रेस तर बोलतील, फेकते. तशीपण आमच्यातली कोणीच कधी नाही घालत."

"का नाही घालत?"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, हिला एवढंही कळत नाही असं. "एक जूनला शाळा असते का, मावशी?"

नसते. मे महिन्याची सुट्टी असते. शाळा उघडते त्यानंतर दोन आठवड्यांनी. मी भांडुपच्या शाळेत दहावीपर्यंत होते आणि गणवेशाशिवाय एकदाही वर्गात गेले नाही. दुसऱ्यांच्या गोळ्या खाल्ल्या, चांदीचे कागद नखाने सपाट करून पुस्तकात ठेवले. आपली पाळी कधीच कशी आली नाही हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि नंतर बालगृहात इतक्या मुलींना दर एक जूनला ओवाळतानाही सुचलं नाही.

मी फणी उचलली आणि उरलेलं डोकं पूर्ण केलं. तिला काही कबूल केलं नाही. आधी बाईशी बोलायला हवं होतं.

बाई ऑफिसात चहा घेत होती.

"अजिबात नाही," ती म्हणाली. "ऑक्टोबरचं विसरलीस? एकीचं केलं की सगळ्यांचं. मला इथे स्वयंपाकीण मिळत नाहीये, मी वर्षभर वाढदिवस करत बसू?"

"करू नकोस. केक नको, काही नको. तिला शाळेत रंगीत ड्रेस घालू दे फक्त."

"आणि शाळेच्या बाई म्हणाल्या, तुझा तर एक जून आहे, तर? सगळ्या वर्गासमोर पोरीची शोभा."

हा मुद्दा बरोबर होता. तिचे मुद्दे बरोबर असतात म्हणूनच तिच्याशी भांडताना जास्त चीड येते.

"तूच म्हणालेलीस ना, हे सुरू करू नका म्हणून?" ती म्हणाली. "मग आता का गं? त्यापेक्षा ते कॅलेंडरच काढून टाकते मी."

"काढ. तारखा पोरींच्या डोक्यात गेल्यात. त्या फणीने निघत नाहीत."

"यार, तू ना..." बाईने कप ठेवला. "हे बघ, उद्या सकाळी मला ऑफिसचं काम आहे. मी शाळेत जाणार नाही, बोलणार नाही. तुला काय करायचं ते तू कर. आणि हिला काय उत्तर देऊ?" तिने पाहुणीचा आणखी एक निरोप पुढे केला. "फोटो मागितलाय उद्याचा."

"मुलींचे फोटो बाहेर पाठवायचे नाहीत हा तुझाच नियम आहे. तेवढंच लिही."

घरी जाताना बसमध्येही माझा राग उतरला नव्हता. पाहुणीवर होता, बाईवर होता. सगळ्यात जास्त राग याचा, की त्या उंच बाईला दीड महिन्यात एक जून मुलींना पुरत नाही असा जो नुसता संशय आला होता तो बरोबर होता, आणि तिने त्यावर काढलेला उपाय मात्र आमच्या गळ्यात बांधलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सातला. मी उजाडायच्या आधी बालगृहात पोचले. मुलगी अंथरुणावर गणवेश घालून बसली होती. मी तिला तो काढायला लावला. दिवाळीचा पोपटी फ्रॉक कपाटातून काढला, तर काखेत घट्ट. काखेची शिवण थोडी उसवली, आत कापड होतं, चार टाके घातले. "हात वर कर," म्हटलं. हात वर गेला. कोपऱ्यावरचं दुकान दुधासाठी उघडलेलं असतं, तिथे गोळ्यांचं एक पाकीट घेतलं आणि गोळ्या तिच्या डब्यात ओतल्या. शाळेपर्यंत ती माझ्या एक पाऊल मागे चालत होती.

वर्गाच्या दारात शाळेच्या बाई उभ्या होत्या.

"गणवेश कुठे गं?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"वाढदिवस आहे तिचा," मी म्हटलं.

"हिचा? अहो, माझ्याकडे तर एक जून आहे."

"एक जूनच आहे. माझाही आहे. पण त्या दिवशी तुमची शाळा बंद असते."

"मग आजचा कुठून आणलात?"

"हॉलंडहून."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग मुलीच्या हातातल्या डब्याकडे. "मलापण देणार का एक?" त्यांनी तिला विचारलं. "चल ये आत. डबा कोण धरणार आहे?"

मी थांबले नाही. टाळ्या आणि गाणं सुरू झालं तेव्हा मी गेटपर्यंत आले होते. येताना त्याच दुकानातून गोळ्यांची मोठी बरणी घेतली आणि बालगृहाच्या कोठीघरात तूरडाळीच्या डब्यामागे ठेवली. फेब्रुवारीत दोघी आहेत.