मामांची बंद मोटर

परवा तलवाड्याच्या पुढे मामांच्या गावी गेले होते... खरं तर मिरवायलाच गेले होते.

माझं संशोधन नेमकं कशावर आहे, हे घरात कुणालाच धड सांगता येत नाही. सोपं करून सांगते. चार जण एकमेकांशी बोलत नाहीत, प्रत्येकाला आपल्यापुरतंच दिसतं, तरी सगळ्यांचं मिळून नीट चालावं... ते कसं, याचं गणित मी करते.

मामांच्या गावात अशीच चौघांची छोटी सहकारी पाणी संस्था आहे. एक विहीर, चार मोटरी, चार मोसंबीच्या बागा. पूर्वी पाण्यावरून इतकी भांडणं झाली की चौघांनी देवळात बसून ठरवलं, कुणी कुणाला 'किती उपसलं' असं विचारायचं नाही. आजवर कुणी विचारलेलं नाही.

मला तर प्रयोग आयताच मिळाला. प्रत्येक मोटरीला मी एक पेटी बसवली. पेटी फक्त विहिरीची पातळी बघते आणि आपली मोटर किती वेळ चालवायची ते ठरवते. एकाने जास्त उपसलं की पातळी उतरते, बाकीच्या पेट्या हात आखडता घेतात... निरोप पाण्यातूनच जातो.

यंदा पाऊस नाही. गावात टँकर सुरू झाले. पुण्यात माझ्या लॅपटॉपवर फक्त विहिरीची पातळी येते, आणि ती मात्र माझ्या हिशेबापेक्षा वर! मी हरखून गेले.

विहिरीवर पोचले तर शेजारचे बालाजीभाऊ पिशवीभर मोसंबी घेऊन उभे. "ताई, तुमच्या पेटीनं आमच्या तिघांच्याबी बागा वाचवल्या बगा. लई उपकार झाले. मामाच्या बागेला तेवढा डिंक्या रोग लागला, त्याला कोण काय करणार?"

मामांची बाग ओढ्यापलीकडे. त्यांनी आणि मामीने मिळून लावलेली. मामी गेल्यापासून मामा सकाळचा चहासुद्धा तिथेच घेतात.

जाऊन बघते तर अर्धी झाडं तोडून झालेली, उरलेली उभ्या उभ्या वाळलेली. डिंक्या लागला की खोडातून डिंक गळतो... इथे एकाही खोडावर डिंक नव्हता. पाण्याच्या पाइपाच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं.

"मामा, मोटर कावून बंद केली?" माझ्या तोंडून आपोआप गावचीच भाषा आली.

"चार बागांपुरतं पाणी न्हाई त्या हिरीत. त्यांची झाडं नवी हायत, पयलाच बहार हाय."

"मग त्यांना सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तिघांनीबी लाजंखातर मोटरी बंद केल्या असत्या. चारी बागा गेल्या असत्या की मग."

मला रडूच आलं. विहिरीत जे पाणी जास्त दिसत होतं ते मामांच्या वाट्याचं होतं, आणि मी ते बघून तिकडे खूश होत होते. विचारायचं नाही असं ठरलेलं, त्यामुळे त्यांची मोटर का वाजत नाही हेही कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

मामांनी बालाजीभाऊंच्या पिशवीतली एक मोसंबी सोलली, अर्धी मला दिली. "ग्वाड निघाली की," म्हणाले. खरंच समाधानाने म्हणाले. 

निघताना मी म्हटलं, संशोधनाच्या पेपरच्या शेवटी आभार मानायची पद्धत असते, तिथे तुमचं नाव घालते. तर घाबरलेच. "नगं पोरी. कुणीतरी वाचून दाखवंल. बालाजीला कळलं तर त्याला आपल्या झाडाची मोसंबी ग्वाड लागायची न्हाई."

म्हणून इथे सगळी नावं बदलली आहेत, गावाचंही. मामा, आभार मानायलासुद्धा तुम्ही जागा ठेवली नाही...