सुलभाताई आणि हिरव्या पेशी

सुलभाताईंनी माझा सगळ्यात सुंदर रिझल्ट पाच मिनिटांत खोटा ठरवला होता.

काल दुपारी त्या वारल्या. डभोईला, स्वतःच्या घरी.

त्या आमच्या लॅबमध्ये टेक्निशियन होत्या. डिशमध्ये प्राण्यांच्या पेशी वाढवायच्या, त्यांना वेळेवर मीडिया, म्हणजे त्यांचं पातळ खाणं, द्यायचं. पेशींना सुट्टी नसते. म्हणून ताई रविवारीसुद्धा डभोईहून बसने बडोद्याला यायच्या.

मी तिथे पीएचडी करत होते. बाहेरचं जनुक या पेशींमध्ये पोचवायचं, आणि जास्तीत जास्त पेशींमध्ये पोचवायचं, एवढंच काम. जनुक पोचलं की पेशी मायक्रोस्कोपखाली हिरवी चमकते.

दीड वर्ष माझ्या शंभरातल्या चार-पाच चमकायच्या. बाकी सगळा अंधार.

मग एका शुक्रवारी अख्खी डिश हिरवी.

जनुक आत नेणारं केमिकल मी दुप्पट घातलं होतं. लगेच माझ्या गाइड सरांना फोन केला. लहरीपुऱ्याच्या बाजारातून पेढे आणि लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओलसर चिवडा, आणून लॅबभर वाटला.

सुलभाताईंनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. हळूच विचारलं, "कंट्रोल जोयो?"

कंट्रोल म्हणजे नुसतं केमिकल घातलेली, जनुक न घातलेली डिश. ती मी बघितलीच नव्हती.

त्यांनी ती आणून मायक्रोस्कोपखाली ठेवली.

तीही हिरवी.

"मरायला लागल्यात गं," ताई म्हणाल्या. "मरताना अशा आपोआप चमकतात."

सगळे बघत होते. माझ्या हातात अजून चेवड्याची पुडी.

मी फटकन म्हणाले, "तुम्ही तुमच्या मीडियाच्या बाटल्या बघा ना."

ताईंनी पेढा कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि बससाठी निघाल्या.

सोमवारी इन्क्युबेटर उघडला. आत बारा खळग्यांची एक प्लेट. झाकणावर माझं नाव, ताईंच्या अक्षरात. पेशी छान पसरलेल्या, ना दाट ना विरळ. टेबलावर चिठ्ठी होती, की केमिकल कमी घे, प्रत्येक ओळीत वेगळं प्रमाण ठेव, चार तासांनी मीडिया बदल.

ताईंनी ती रविवारी येऊन लावली होती.

मी माफी मागायला गेले. त्या टेस्ट ट्यूब मोजत होत्या. "राग आला होता," म्हणाल्या. "बसमध्ये रडले पण."

"पण सोमवारी पेशी तयार हव्यात, तर रविवारी लावायलाच लागणार ना."

पुढचे तीन महिने आम्ही दोघी. कुठल्या पेशी थकल्यात, हे त्या नुसतं बघून सांगायच्या. मी घाई केली की मागून आवाज यायचा, "शांतीथी." पिपेट हळू, डिश हळू, दार हळू.

हिरव्या वाढत गेल्या. शंभरातल्या दहा, मग वीस, मग तीसच्या वर. कंट्रोल डिश काळीकुट्ट.

एकदा बघता बघता एका हिरव्या पेशीच्या दोन झाल्या. मी ताईंना बोलावलं. त्या चष्मा काढून बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"जिवंत आहेत," एवढंच म्हणाल्या.

पेपर लिहिताना सर म्हणाले, टेक्निशियनचे आभार मानायचे असतात, नाव घालत नाहीत. मी म्हणाले, मग माझंही घालू नका.  सरांनी ड्राफ्ट स्वतःकडे ठेवून घेतला. तिसऱ्या दिवशी ड्राफ्ट परत आला, त्यात लेखकांच्या यादीत ताईंचं नाव दुसरं होतं.

प्रिंटआउट दिला तेव्हा ताईंनी फक्त स्पेलिंग तपासलं. मग विचारलं, "घरी नेऊ?"

आज सकाळी डभोईला गेले. खोली माणसांनी भरलेली. मी आता स्वतः पीएचडीचे विद्यार्थी घेते, केस पिकलेत. एका आजींनी ताईंच्या मुलीला विचारलं, या कोण?

मुलगी म्हणाली, "आईच्या स्टुडंट."

मी मान डोलावली, आणि ताईंच्या फोटोला फूल वाहिलं.

सुलभाताई, तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.