ताईच्या गळ्याएवढी जागा

घरातले त्याला खुडबुड्या म्हणत, आणि तो ते मनावर घेत नसे. कामच तसं होतं. उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा तो. दार बंद होताना बारीकशी कुरकुर झाली, तर बाकीच्यांना ती ऐकूही यायची नाही. याचं मात्र दुपारच्या डब्यात लक्ष लागायचं नाही. घरीही तीच तऱ्हा. पंख्याची टकटक, नळाची शीळ, कपाटाच्या बिजागरीचं रडणं. सुट्टीच्या दिवशी सगळे जरा आडवे झाले की हा पठ्ठ्या स्टुलावर चढलेला असायचा.

शनिवारी संध्याकाळी तो गिटार वाजवायचा. बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात जेवणाच्या हॉलच्या कोपऱ्यात छोटासा चौथरा होता. त्यावर तो आणि त्याची थोरली बहीण. ताई गायची, हा साथ करायचा. ताई एका दंतवैद्याकडे रिसेप्शनवर बसायची. "आठवडाभर दुसऱ्यांना तोंड उघडायला आत पाठवते आणि शनिवारी स्वतःचं उघडते," असं दाजी, म्हणजे तिचा नवरा, चारचौघांत सांगायचे. ताई खोटं खोटं रागवायची.

मध्यंतरी तिच्या गळ्यातल्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं, तेव्हा काही महिने खंड पडला. ती बरी झाली, कार्यक्रम पुन्हा सुरू झाला, आणि तेव्हापासून खुडबुड्याच्या डोक्यात किडा शिरला: आपल्या अँपचा, म्हणजे गिटारच्या अँप्लिफायरचा, आवाज बिघडलाय.

नेमकं काय बिघडलंय ते त्याला सांगता येईना. घरी वाजवलं की गिटार गोड, भरलेली, हवी तशी. हॉलमध्ये गेलं की सगळं गढूळ. जणू कुणी तारांवर ओली चादर टाकलीय. त्याने तारा बदलल्या. केबल बदलली. अँप जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवला, तेव्हा घुमणं जरा कमी झालं, पण मनाला पटेल असं काही होईना. मागचं झाकण उघडून आतले काचेचे व्हॉल्व्ह बदलले. लिफ्टच्या खोलीत मोटारीला तेल देताना, पान्हा हातात तसाच धरून, तो अँपचाच विचार करत उभा राहायचा.

"अहो, तुमचं अंथरुणात तरी लक्ष आहे का?" बायको म्हणाली. "बोटं बघा. झोपेतसुद्धा बटणं फिरवताय."

त्यातून ताईही चिडचिडी झाली होती. गाता गाता वळून हाताने खूण करायची, कमी कर. हा आवाज कमी करायचा. तरी पुढच्या गाण्याला तेच. एकदा तर ती कडवं अर्धवट सोडून पाणी प्यायला गेली आणि याला एकट्याला कितीतरी वेळ नुसतं वाजवत बसावं लागलं.

"तुझी गिटार माझ्या गळ्यावर बसते," परत आल्यावर ती पुटपुटली.

मग त्याने इक्वलायझर पेडल आणलं. हाताच्या पंजाएवढी लोखंडी डबी, तिच्यावर सात सरकती बटणं ओळीने. डावीकडचं बटण खालच्या घुमाऱ्याचं, उजवीकडचं वरच्या धारेचं, मधली मधल्या आवाजांची. वर सरकवलं की तेवढाच भाग वाढतो, खाली सरकवलं की तेवढाच घटतो. खुडबुड्याला आयतं खेळणं मिळालं. आधी त्याने ते गिटार आणि अँपच्या मधे लावलं. बटणं जरा वर केली की अँप फाटल्यासारखा बोलायचा. मग अँपच्या मागच्या बाजूला अशा जोडणीसाठी दोन भोकं होती, तिथे लावलं. आता आवाज स्वच्छ राहिला. घुमारा थोडा छाटला, धार थोडी वाढवली. घरी ऐकताना तो इतका खूष झाला, की त्याने बायकोला कणकेच्या हातांनी बाहेर ओढून आणलं.

"छान आहे," ती म्हणाली. "मघाशीही छानच होतं."

शनिवारी हॉलमध्ये पुन्हा गढूळ.

आता मात्र त्याचं धाबं दणाणलं. आपले कानच गेले की काय? त्याने हॉलच्या टोकाला एका रिकाम्या टेबलावर मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत बसून, कानात इअरफोन खुपसून, तो आपल्या गिटारचा दोष शोधायला बसला.

दोष सापडेना. गिटार सुरेख होती. प्रत्येक सूर भरलेला, गोल. त्याने दुसऱ्यांदा ऐकलं, आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की आपण ताईला ऐकतच नाही आहोत. तो मुद्दाम तिच्या मागे लागला. शब्द अर्धेच येत होते. वरच्या ओळी, ज्या ती पूर्वी सहज फेकायची, त्या ती मधेच सोडून देत होती किंवा खाली वळवून घेत होती. आवाज उतरला होता. जाडसर झाला होता. आणि जिथे तो उतरला होता, तिथे आधीपासून याची गिटार ऐसपैस पाय पसरून बसली होती.

चहा तसाच राहिला. इतके महिने आपण तारा, व्हॉल्व्ह आणि खुर्च्या बदलत होतो, आणि शेजारी उभी असलेली बहीण आपल्याला ऐकू आली नाही. यावर त्याला जे वाटलं, ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही. फक्त विचारलं, "ताई हल्ली फोन करत नाही ना?"

"मेसेज करते," बायको म्हणाली. "कधीपासून. तुम्हाला आज कळतंय?"

त्या आठवड्यात कामावरून आला की तो रेकॉर्डिंगमधला, गिटार थांबून ताई एकटीच गायली तेवढा भाग स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर लावायचा आणि त्याच्यावर वाजवायचा. एक एक बटण खाली आणायचा. मधलं एक बटण बरंच खाली आल्यावर ताईचे शब्द एकदम पुढे आले, दार उघडून माणूस खोलीत यावा तसे. त्याच्या शेजारचंही त्याने थोडं उतरवलं. आता नुसती गिटार ऐकली तर ती पोकळ, पत्र्यासारखी लागत होती. त्याला ते सोसवेना. त्याने बटण परत वर नेलं, परत खाली आणलं, परत वर नेलं. शेवटी खाली ठेवून त्यावर चिकटपट्टी लावून टाकली, स्वतःचाच हात आवरायला.

शनिवारी पहिल्या गाण्याला ताईने वळून खूण केली नाही. दुसऱ्याला डोळे मिटून गायली. खिडकीजवळच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या जोडप्याने काटे-चमचे खाली ठेवले. खुडबुड्याला वाटलं, जिंकलो. पण मधल्या सुट्टीत ताईने त्याला मनगटाला धरून स्वयंपाकघरामागच्या बोळात नेलं. तिथे बाटल्यांचे क्रेट रचलेले होते आणि एक्झॉस्ट पंखा घरघरत होता.

"काय केलंस?"

"अँपचा आवाज जरा सुधारला."

"मला शिकवू नकोस. तुझं वाजवणं मी तू चड्डीत होतास तेव्हापासून ऐकतेय. एवढं पातळ तू कधी वाजवत नाहीस." तिने त्याचं मनगट सोडलं. "दाजींनी सांगितलं तुला?"

"काय सांगायचं होतं दाजींनी?"

ताई एका क्रेटवर बसली. म्हणाली, "वरचे सूर परत येणार नाहीत. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, गाणाऱ्याला जाणवेल, बाकी कुणाला कळणार नाही. मला वाटलं, खरंच कुणाला कळत नाहीये. तुलाही नाही. म्हणून मी ढकलत होते."

"मला खरंच नाही कळलं," तो म्हणाला. "मी अँप उघडत बसलो होतो."

ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. "मग आता काय, दया दाखवतोयस? गिटार खरवडून मला जागा करून देतोयस? लोकांना वाटेल, भाऊ चांगला वाजवायचा, बहिणीपायी बिघडला."

तो पायाची टाच क्रेटवर आपटत राहिला. मग म्हणाला, "गाणी दोन सूर खाली घेऊ या. तुला सोपं जाईल."

"म्हातारपणी घेतात तशी?"

"तुझा आवाज आहे तिथे. मी तिथे येतो. मला काय, हात सरकवायचा."

आतून मॅनेजरची हाक आली, तशी ताई उठली, साडीची मागची बाजू झटकली आणि आत गेली. त्या दिवशीची उरलेली गाणी जुन्याच सुरांत झाली, आणि त्यातल्या एकात तिचा आवाज अर्ध्यावर चिरकला. घरी जाताना रिक्षात दोघं दोन कडांना बसली होती.

मंगळवारी तिचा फोन आला. मेसेज नाही, फोन. "दोन नाही, तीन सूर खाली," ती म्हणाली, "आणि ते नदीचं गाणं नको. ते खाली आणलं तर मरतं. ते सोडून देऊ."

ते गाणं तिचं सर्वांत लाडकं होतं. त्याने "बरं" म्हटलं.

नव्या सुरांत पहिले दोन शनिवार अवघडच गेले. तो सवयीने जुन्या जागी बोट टाकायचा, ती चुकीच्या ठिकाणी श्वास घ्यायची. नंतर बसलं. तिचा खालचा आवाज वेगळा होता, थोडा खरखरीत, पण शब्द नीट पोचवणारा. म्हातारं जोडपं तर दर आठवड्याला येऊ लागलं. खुडबुड्याला मात्र स्वतःची गिटार रोज टोचायची. वाजवताना तो मान तिरकी करून, कुणीतरी आपलं जेवण अर्धं उचलून नेल्यासारखा अँपकडे बघायचा. घरी बायको म्हणायची, "डबा वाजवताय का?"

मग एका शनिवारी, हॉलमध्ये लोक यायच्या आधी, ताई लवकर आली. पर्स खुर्चीवर ठेवली, खाली वाकून पेडलकडे बघितलं.

"यातलं माझं कुठलं?"

त्याने दाखवलं. तिने नखाने चिकटपट्टी काढली आणि बटण थोडं वर सरकवलं.

"एवढं कशाला वाढवतेस? मग परत तुझ्यावर बसेल."

"बसू दे थोडं," ती म्हणाली. "एवढ्या मोकळ्या जागेत एकटीला गाताना भीती वाटते."

त्याने एक सूर छेडून पाहिला. पूर्वीइतका भरलेला नव्हता, मधल्या शनिवारांइतका पोकळही नव्हता. त्याला अजून अर्धा केस वर न्यावंसं वाटत होतं. हात पुढे गेलाही. ताईने तो बाजूला सारला आणि माइक चालू केला.