स्कूटरवरची पुढची जागा

मुलगे आणि मुली यांच्याविषयीचे कायदे करण्याचा अधिकार विधिमंडळाला नसून आपल्याला आहे, अशी माझ्या व्याहीबुवांची प्रामाणिक समजूत होती. माणूस मूळचा निफाडकडचा. उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज मात्र गंगापूर रोडवरून देवळाली कॅम्पात पोहोचेल असा. रोज संध्याकाळी आमच्या दोन्ही नातवंडांना ते स्कूटरवरून भाजीबाजारात नेत. त्या स्कूटरचे कलम एक : पाच वर्षांचा नातू पुढे उभा राहील आणि हॉर्न वाजवील. कलम दोन : आठ वर्षांची नात मागे बसेल आणि मेथीची पिशवी सांभाळील. हॉर्नसाठी ती पोर कासावीस होई. "आबा, आज मी पुढे?" "पोरीच्या जातीला समोरचं वारं बाधतं, बाय." हे वारे मुलगा-मुलगी कसे ओळखते, याचा मी त्यांच्याकडे लेखी खुलासा मागवला. माझे पत्र त्यांनी देवघरात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिले. "नाना, तुमचं अक्षर लय देखणं!" अशा प्रतिपक्षाशी भांडावे तरी कसे? बरे, माणूस दुष्टही नव्हे. नातीच्या दोन वेण्या रोज सकाळी तेच घालत, हे कोणत्या कलमात बसते, असे मी विचारले की म्हणत, "ते वेगळं."

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा नातू आईबरोबर बाहेर गेला होता. नातीने दिवाणखान्यात स्कूटर मांडली होती : पुढे एक स्टूल, मध्ये आबांची खुर्ची, मागे ती स्वतः, मांडीवर पिशवी. व्याहीबुवा कौतुकाने म्हणाले, "अगं, बाळ नाय घरात. बस की पुढं!"

तिने शहाण्यासारखी मान हलवली. "तिथं मुलगे असतात, आबा. मला वारं बाधतं."

व्याहीबुवा हसू लागले आणि मध्येच थांबले. मीही तोंडाशी आलेला युक्तिवाद गिळला. त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली. "चल, बाय. खाली चल."

स्कूटरवर तिला पुढे उभे केले, तर तिचे डोके नेमके त्यांच्या नाकासमोर आले. इतकी ती वाढली होती, आणि आमच्यापैकी कोणाच्या ते ध्यानात आले नव्हते. "तुम्हाला रस्ता दिसत नाही ना?" म्हणत ती उतरू लागली.

"तू सांग, मी चालवतो."

मोटार वाहन कायदा मला तोंडपाठ आहे. मी मुकाट्याने सोसायटीचे फाटक लावून घेतले. "डावीकडे, आबा. आता सरळ. हळू, मांजर आहे." पायी चालणाऱ्याच्या वेगाने स्कूटर आवारात फिरू लागली. हॉर्नवर तिचा अंगठा केव्हाचा टेकला होता. दाबला मात्र जात नव्हता.

"वाजवू का?" तिने विचारले.

"आता विचारायचं नाय, बाय. वाजव!" व्याहीबुवा म्हणाले.