किती कॅरेट निघतीन?

मेडशीच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा बाबांनी माझी बॅग वर चढवली, खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "वैशू, तिकडं लोक लय घाई करतीन. तू आधी पाह्यजो, मंग बोलजो." आई आलीच नव्हती. तोडणीचा दिवस होता, टमाटे थोडेच थांबतात कुणासाठी!

आमच्या घरी भाजीपाला. तोडणीच्या आदल्या संध्याकाळी बाबा शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून मला विचारायचे, "किती कॅरेट निघतीन?" मी एकदा वावरावरून नजर फिरवायची आणि टमाट्यांचे किती कॅरेट, म्हणजे प्लास्टिकचे खोके, भरतील तो आकडा सांगायची. त्यावरून बाजाराची गाडी ठरायची, छोटी की मोठी. दहावीत होते तेव्हापासून हे काम माझं. कसं कळायचं म्हणाल तर मला काय माहीत, दिसायचं! तोडणीच्या बाया म्हणायच्या, "पोरीची नजर लय पक्की हाय." खोटं कशाला बोलू, मला त्याचा भारी गर्व होता.

मग बेंगळुरूला एमबीए, आणि तिथे कंपन्यांना सल्ला देणाऱ्या नोकरीसाठी केस इंटरव्ह्यूची तयारी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: समोरचा माणूस कुठल्या तरी कंपनीची अडचण आपल्यापुढे टाकतो आणि आपण ती तिथल्या तिथे, मोठ्यानं विचार करत सोडवायची. माझी केस पार्टनर इशिता, दिल्लीची. पहिल्याच मॉकमध्ये तिनं विचारलं, आपल्या मेसला आठवड्याला किती टमाटे लागत असतील? मी झटकन आकडा सांगितला. मेसच्या भैयाला विचारलं, तर बरोबर निघाला. तरी इशितानं डोक्याला हात लावला. "उत्तर नको गं, स्ट्रक्चर दाखव!"

घ्या! बरोबर उत्तर देऊन नापास.

दोन महिने आम्ही नुसत्या केसेस फोडल्या. कशाचेही आधी भाग करायचे, भागांचे उपभाग, मग सरासरी, मग गुणाकार. दिसलं तरी सांगायचं नाही. सुरुवातीला मी आकडा मनात धरून उलटे भाग पाडायचे. हळूहळू आकडा यायचाच बंद झाला, आणि मला वाटलं, चला, जमून राह्यलं आपल्याले.

इंटरव्ह्यूच्या आधी दसऱ्याला घरी गेले. दुसऱ्या दिवशी तोडणी होती. बाबांनी विचारलं, तशी मी ओळी मोजल्या, ओळीतली झाडं मोजली, जवळच्या चार झाडांवरची फळं मोजून सरासरी काढली, खराब माल वजा केला. बाबा कौतुकानं बघत होते. मी म्हटलं, "ऐंशी." त्यांनी स्वतः वावराकडे पाहिलंसुद्धा नाही. मी सांगितलं म्हणजे झालं! छोटी गाडी बोलावली.

विहिरीकडच्या अंगाला माल दुप्पट लागला होता. धुऱ्यावरून सरळ दिसत होता तो. मी खाली मान घालून झाडं मोजत बसले. गाडी गच्च भरून गेली आणि तीस-पस्तीस कॅरेट निंबाखाली राहिले. सणाच्या गर्दीत दुसरी गाडी मिळेना. आई कॅरेट ओल्या पोत्यांनी झाकत होती, माझ्याकडे न बघता. मी बाबांना म्हटलं, "चुकलं माझं." ते म्हणाले, "होते असं." बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो! दोन दिवसांनी तो माल गाईम्हशींपुढे टाकला.

इंटरव्ह्यू झाला. एका दवाखान्याच्या खाटांची केस होती. मी एक मिनिट मागून घेतलं, कागदावर भाग-उपभागांच्या फांद्या काढल्या, न अडखळता बोलले. उत्तर चुकलं होतं, ते त्यांनीच नंतर हसत सांगितलं, पण विचार करायची पद्धत आवडली म्हणाले. घेतलं मला. तिथे चुकलेल्या उत्तरावर कुणी गाडी बोलावत नाही.

आता आई गावात सांगत फिरते, "आमची वैशू मोठ्या मोठ्या कंपन्यांले अंदाज सांगते." मी आतून मेल्याहून मेल्यासारखी होते. माझ्यासोबत त्या स्टँडवरून गेलेल्या पोरींनो, तुमचंही असंच काही तिकडे जाऊन सुटलं का? की मीच एकटी? गावातच राहिलेल्यांनो, तुम्ही तरी रागावून विचारा ना, काहून अशी झाली म्हणून. कुणी विचारत नाही. घरी गेले की सगळे कसे जपून बोलतात, पाहुण्याशी बोलावं तसं. चहा हातात आणून देतात.

मागच्या महिन्यात गेले होते. संध्याकाळी बाबांसोबत वावरात गेले, धुऱ्यावर उभी राहिले. उद्या तोडणी होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, जरासे हसले आणि पलीकडे वांग्यात निंदत असलेल्या आईला हाक मारली.

"अवं, इकडं ये बरं जरा. किती निघतीन, पाह्य."

आई हातातला विळा तिथेच टाकून उठली. मी बाजूला सरकून तिला जागा दिली.