दुमडलेल्या कोपऱ्याच्या चिठ्ठ्या

दैवशालाबाईंच्या टेबलावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो, आणि आष्टीच्या आसपासच्या चार शाळांतले मास्तर त्या डब्याला ओळखतात. शब्दांचा डबा. पाचवी ते सातवीच्या मूल्यशिक्षणाच्या तासाला बाई त्यातून एक चिठ्ठी काढून पोराच्या हातावर ठेवतात. चिठ्ठीवर एकच शब्द असतो. श्रद्धा, बहिष्कार, सहिष्णुता, वंचित, न्याय, असं काहीतरी. अर्थ सांगायचा आणि लगेच गावातलं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं उदाहरण द्यायचं. पुस्तकातलं उदाहरण आलं की बाई चष्मा काढून टेबलावर ठेवतात. म्हणजे ते बाद.

ज्याला जमलं नाही त्यानं चिठ्ठी घरी न्यायची. पारावर विचारा, मौलानांना विचारा, बुद्धविहारात विचारा, चुलीपाशी आईला विचारा, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगा. अतिक नावाच्या पोरानं 'उपवास' हा शब्द असाच घरी नेला आणि सकाळी तीन धर्मांचे उपवास घेऊन आला, कोण काय खात नाही आणि केव्हा सोडतो, सगळं तपशीलवार. बाई ते अजून भेटेल त्याला सांगतात.

बाई मूळच्या भोकरदनकडच्या. पाचवीत असताना 'परमार्थ' या शब्दाचा अर्थ आला नाही म्हणून गुरुजींनी त्यांना तासभर शाळेच्या दारात उभं केलं होतं. बाजाराचा दिवस होता, अख्खा रस्ता बघत गेला. एकतीस वर्षं झाली, तो राग काही मनातून गेला नाही. आपल्या वर्गातलं कच्चं पोर असं चारचौघांत उघडं पडू द्यायचं नाही, हे त्यांनी नोकरीवर हजर झाल्या त्याच दिवशी ठरवून टाकलं. ठरवलं ते चांगलंच होतं. घोळ झाला तो पुढे.

घोळ असा, की सोप्या शब्दांच्या चिठ्ठ्यांचा कोपरा बाई दुमडून ठेवायच्या. दया, दान, मदत, प्रार्थना. जी पोरं दिवाळीनंतर आईबापांसोबत ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात, त्यांची पाळी आली की बाईंची बोटं डब्यात जरा जास्त वेळ फिरायची. पोराला शब्द यायचा, वर्ग टाळ्या वाजवायचा आणि बाईंना बरं वाटायचं. मुख्याध्यापक काकासाहेब 'आमच्या शाळेतला सामाजिक न्याय' म्हणून त्यांची ओळख करून द्यायचे, तेव्हा त्या तोंडानं नको नको म्हणायच्या, पण तिथून हलायच्या नाहीत.

यंदा पाडव्यानंतर सातवीतली शालू कारखान्यावरून परत आली. तिसऱ्या दिवशी तिची पाळी आली. चिठ्ठी उलगडायच्या आधी तिनं अंगठ्यानं कोपरा चाचपून पाहिला. शब्द निघाला दया. अर्थ तिनं बरोबर सांगितला. मग उदाहरण.

"बाई, तुमी आमाला कोपरा दुमडलेलीच चिठ्ठी देता. ही दया."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, सवालाला जवाब द्यावा तसं तिनं सांगितलं. पहिल्या बाकावरची राजनंदिनी वळून बघायला लागली. बाईंचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथंच थांबला. उदाहरण गावातलं होतं, डोळ्यांनी पाहिलेलं होतं. बाद करता येईना.

खरं सांगायचं तर बाईंना आधी रागच आला. एवढं जपलं, त्याचं हे फळ, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. त्यांनी जरा तोऱ्यातच विचारलं, अवघड शब्द दिला तर येणार आहे का तुला?

"न्हाई येणार," शालू म्हणाली. "पण मंग चिठ्ठी घरी तर नेता यीन. पाचवीपासून बघून राह्यले, समदे नेतात. आमाला एकदाबी न्हाई मिळाली."

बाई खुर्चीत बसल्या. मग उठल्या, डबा टेबलावर उपडा केला आणि दुमडलेल्या चिठ्ठ्या वेगळ्या करून वर्गाला दाखवल्या. हे मीच करत होते, चुकलं माझं, असं त्या म्हणाल्या. त्याच तासाला पोरांनी सगळे शब्द नव्या कागदांवर लिहून काढले आणि डबा एकेकाच्या हाताखालून फिरला. शालूनं न बघता चिठ्ठी उचलली. सहिष्णुता. तिनं शब्द दोनदा वाचला आणि येत न्हाई म्हणून सांगितलं. मग चिठ्ठी कंपासपेटीत ठेवून पेटी दोनदा दाबून बंद केली.

शाळा सुटल्यावर बाई स्कूटीवरून निघाल्या तेव्हा शालू पारापाशी उभी होती. चिठ्ठी हातात धरून ती म्हाताऱ्यांना अर्थ विचारत होती. पारावर दोन मतं पडली होती, येणारेजाणारे थांबून ऐकत होते. अर्थ येत नसलेली ती पोर भर रस्त्यात, सगळ्या गावासमोर उभी होती आणि तिला त्याची जराही लाज वाटत नव्हती. बाईंनी स्कूटी बाजूला घेतली आणि चष्मा काढून डोळे पुसले.